आत्यांच्या नावाचा डबा

समईसमोर बसून लिहिते आहे. तेव्हा खरं की खोटं, हे मला विचारू नका.

२०१४ सालचा श्रावण. सोमवार, दिवेलागणीची वेळ. जागा पुण्यातलीच... धायरीच्या पुढे, निवृत्त लोकांसाठी बांधलेलं एक संकुल. नाव सांगत नाही.

तिथे ह्यांच्या मंदाकिनी आत्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही. जन्मभर शाळेत शिकवलं आणि सगळ्या घराण्याला धाकात ठेवलं. उन्हाळ्यात गेल्या. फ्लॅट ह्यांना ठेवून गेल्या.

आम्ही म्हटलं, विकून टाकू. संकुलाच्या ऑफिसातले म्हणाले, "घेणाराही साठीच्या पुढचाच लागतो. तो मिळेपर्यंत सेवाशुल्क तुम्हीच भरायचं. झाडलोट, नर्स आणि एका माणसाचा डबा. डबा वगळता येत नाही."

हे पडले अस्सल नारायण पेठेतले.

"मेलेल्याचा डबा आणि जिवंत माणसाचे पैसे? वा! मग मीच जाऊन जेवतो."

म्हणून त्या सोमवारी आम्ही मुक्कामाला गेलो.

संकुलाच्या स्वयंपाकघरातली शकू डबा घेऊन आली.

"आधी आत्यांच्या नावाचं पान काढून ठेवू या का?" मी हळूच म्हटलं.

"आत्या आता वरच्या मेसमध्ये जेवते," हे हसले.

शकू हसली नाही.

"आत्याबाईंच्या डब्याला दुसऱ्यानं हात लावल्यालं खपत न्हाई," एवढं म्हणाली आणि जिन्याने निघून गेली. लिफ्टचीही वाट बघितली नाही.

श्रावणी सोमवार मी मुक्याने सोडते. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न झाल्यापासून कधी मोडलं नाही. घरून आणलेलं वाढून घेऊन मी आत बसले. हे बाहेर, डबा घेऊन.

मी घास उचलला.

बाहेर झाकण उघडल्याचा आवाज आला.

मग चमच्याचा.

मग... काहीच नाही.

आणि हे बोलायला लागले. मला वाटलं, फोन आला.

"नाही आत्या."

माझा हात ताटातच थांबला.

"चुकलं आत्या... हो... नाही, परत नाही घेणार."

आवाज ह्यांचाच. पण शाळेतलं भेदरलेलं पोर बोलावं तसा. दुसरा आवाज नव्हताच. मध्ये नुसती शांतता पडायची... कुणी रागावत असावं, तेवढीच.

मला ओरडायचं होतं. पण व्रत मोडवेना. शंकराचं नाव घेत तशीच खरकट्या हाताने बाहेर गेले.

हे ताठ बसले होते. दोन्ही हात पुढे. तळवे वर.

तळव्यांवर लाल वळ.

डबा रिकामा.

"अहो!" व्रत मोडलं. "जेवलात तुम्ही?"

"कुठे?" हे म्हणाले. "मला एक घास घेऊ दिला नाही."

तिथून जे निघालो ते थेट घरी.

पण त्या दिवसापासून ह्यांना अन्न जाईना. एक घास घ्यायचे आणि हात आपोआप पुढे व्हायचे. अंगावरचे कपडे ढगळ झाले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. निदान काही नाही.

शेवटी मीच शकूला फोन केला. म्हटलं, डबा रोज आत्यांच्या दाराशी ठेवत जा. दाराला कुलूप, किल्ली आमच्याकडे. तरी डबा रोज रिकामा मिळायचा, झाकण जसंच्या तसं लावलेलं.

आणि इकडे हे जेवायला लागले. थोडं, पण जेवायला लागले.

मग मी शुल्क कधी चुकवलं नाही. गिऱ्हाइकं आली, ती परत पाठवली. कितीतरी वर्षं.

मागच्या आठवड्यात ऑफिसातून फोन आला. "बाई, बंद दाराशी अन्न ठेवलं की उंदीर होतात. उद्यापासून डबा बंद. शुल्क मात्र चालू राहील हं."

मी हातापाया पडले. फोन ठेवून दिला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांना पान वाढलं. ह्यांनी पान पुढे ओढलं.

"सूनबाई, आज डबा चुकला."

आवाज ह्यांचाच. पण मला सूनबाई फक्त आत्या म्हणायच्या.

मग सगळं पान संपवलं. पोळी, भाजी, भात. मला रडू आलं... वाटलं, एकदाचं पोट भरलं ह्यांचं.

हे हात धुवून आले आणि परत त्याच खुर्चीवर बसले.

"वाढतेस ना? केव्हाची भूक लागली आहे."

तेव्हापासून दोन पानं वाढते. आधी आत्यांचं, मग ह्यांचं.

काल दुसरं पानही कुणीतरी संपवलं. हे माझ्याकडे बघत होते. तसेच... उपाशी.

आता स्वयंपाक तयार आहे. आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. हे तर इथे माझ्याजवळच पडले आहेत, उठायचं त्राण नाही.

किती पानं मांडू, मला कळत नाही.