वेटिंग रूममधला आरसा

स्टेशनचे साहेब वहिनींच्या दारात घामाघूम होऊन उभे राहिले. जुन्या वेटिंग रूममधला भिंतभर आरसा गायब झाला होता, आणि खोलीची किल्ली तिथे झाडपूस करणाऱ्या एकट्या आया मावशींकडे. संध्याकाळपर्यंत आरसा मिळाला नाही तर मावशींची नोकरी जाणार, राहती खोलीही जाणार.

वहिनी शोधकामात पटाईत. सोबत त्यांचे दीर, भावोजी. माणूस लाखमोलाचा, डोकं मात्र बैलगाडीच्या चालीचं.

एकेकाळी या स्टेशनात राजेरजवाडे उतरत. आता निम्मे फलाट बंद, घुमटात पारवे, आणि इमारतीचं हॉटेल व्हायचं घाटत होतं. आरसा अख्खा दारातून निघत नव्हता, म्हणून उद्या काचवाला तो कापून नेणार होता. लाकडी चौकट साहेबांनी आधीच उतरवली होती.

सगळे वेटिंग रूममध्ये पोचले, तर खोलीच्या चारही भिंती पांढऱ्याशुभ्र. भावोजी दमून त्यातल्या एकीला टेकले.

खोली रंगवणाऱ्या रंगाऱ्यानं सांगितलं, की त्यानं भिंतींना ऑइल पेंट मारला, तो केव्हाच वाळला, आरशाला त्यानं बोटही लावलं नाही. मावशी म्हणाल्या, कुलूप मीच लावलं, नंतर आत दुसरं कुणी गेलं नाही. मग संशय तुमच्यावरच येतो, असं वहिनींनी सुचवलं, तर मावशी म्हणाल्या, येऊ दे.

भावोजींनी रंगाऱ्याला चोर ठरवून टाकलं.

"भावोजी, आधी पाठ झटका," वहिनी म्हणाल्या. कोट पांढरा झाला होता. "वाळलेला ऑइल पेंट कपड्याला लागत नाही. हा चुना आहे. आणि साहेब, जो आरसा दारातून निघतच नाही, तो चोर नेणार कुठून? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

त्यांनी ओल्या रुमालानं भिंत पुसली. आत काच चमकली.

"आत दुसरं कुणी गेलं नाही, हे मावशींनीच सांगितलंय."

"मीच फासला चुना," मावशी म्हणाल्या. "माझी लेक इथूनच रुसून गेली, साहेब. पत्ता नाही. तुम्ही बाकं बदलली, दारं बदलली. उद्या परत आली तर तिच्या ओळखीचं काय उरलंय? एवढा आरसाच."

साहेबांचा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी फोन लावून काचवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो, असं मावशींना म्हणाले.

मावशी डोळे टिपत आरसा पुसायला लागल्या, आणि मध्येच थबकल्या.

"अगं बाई! रोज डाग तेवढे बघत आले. केवढी म्हातारी झाले मी. ती आली, तर मला ओळखेल ना हो?"