पाठमोरं पठण

गुरुजींनी छड्यांची जुडी परत पाठवली. आमच्या नाकदोंग नदीकाठच्या गावात मुलाला शाळेत घालताना छड्या आईबापांनीच तासून द्यायच्या असतात. एकही झिजली नव्हती. ज्याला शिकवायचं, त्यालाच गुरुजी मारतात. माझ्या मुलावर, सोक्युनवर त्यांनी पाणी सोडलं होतं.

"घरात टकळी आणि तिथे दातखीळ," सासूबाई म्हणाल्या. "आता हाकू दे बैल. आई वाचायला शिकली आणि पोराची वाचा गेली."

भावाचे धडे दाराआडून ऐकून मी अक्षरं शिकले, हे त्यांना कायम खुपायचं.  दुसऱ्या सकाळी मी पाइनच्या पानांवर तांदळाच्या वड्या वाफवून टोपलीत घातल्या, जुडी काखेत मारली आणि सात वर्षांच्या सोक्युनला घेऊन शाळा गाठली.

"गुरुजी, एकदाच म्हणवून घ्या. नाही आलं तर मीच त्याला घेऊन जाईन."

"तीन महिने तेच करतोय, सोक्युनच्या आई. एव्हाना भिंतीने म्हटलं असतं."

मुलं खिदळली. गुरुजींनी पुस्तक उघडलं. रिवाजाप्रमाणे सोक्युन त्यांच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून चटईवर बसला. दारात मी उभी होते.

खोलीत शाईचा ओला वास होता. कोणीतरी नाक ओढलं.

मग आवाज सुरू झाला. सोक्युनचाच, स्वच्छ, संथ. गुरुजींनी पान उलटलं, मग आणखी एक. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी मनात एकेक अक्षर ताडून बघत होते. एकही चुकलं नाही.

सोक्युनचे ओठ मिटलेले होते.

तो माझ्याकडेच बघत होता. एक गाल फुगलेला. वाटेत माझ्या टोपलीतून उचललेली वडी तो सावकाश चघळत होता.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. एक शब्द निघाला असता, तर त्याची शाळा संपली असती.

"चाळीस वर्षांत असं ऐकलं नाही," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "छड्या इथेच ठेवा."

सोक्युन उठला, माझ्याजवळ आला. त्याचा हात उबदार, चिकट होता.

आवाज थांबला नाही.

त्या आवाजाने पुढचं पुस्तक म्हणायला घेतलं होतं, सोक्युनला अजून न दिलेलं. एकेक करत मुलांनी कपाळ जमिनीला टेकवलं. मीही गुडघे टेकले.

रिकाम्या चटईवर दोन लहान गुडघ्यांचे खळगे उमटले होते. दर ओळीला ते थोडे खोल होत.