दहाव्या पिढीची वारस

विजेचं रिचार्ज संपलं म्हणून कालिबाला दुपारी न्येंडोच्या बाजारात गेला. परतताना चौकात त्याची थोरली बहीण नाकायेंगा भेटली. भेटली कसली, वाट अडवून उभीच राहिली.

"परत रिचार्ज? एकट्या माणसाला एवढी वीज कशाला लागते रे? घरात गिरणी टाकलीस का?"

"हो. तुला दळून हवंय का काही?"

"मला काही नको. पोरीचं लुंबे कधी करतोस ते सांग. माणसं मला विचारतात. तोंड लपवत फिरायची वेळ आणलीस माझ्यावर."

"मग नको फिरू. घरी बस, अक्का," असं म्हणून तो बाजूनं निघाला.

लुंबे हा मेलेल्या माणसाचा शेवटचा विधी. कुळाची माणसं जमतात, घरात ठाण मांडून बसलेलं मरण बाहेर हाकलतात आणि मेलेल्याची जागा वारसाला देतात. ही वारस नुसती नावाची नसते. जिची जागा घेतली तीच ती होते. कालिबालाच्या पोरीची, इमाक्युलेटची जागा त्याच्या धाकट्या भावाच्या मुलीला, प्रॉसीला द्यायची हे कुळानं ठरवून टाकलं होतं. म्हणजे त्या दिवसापासून कालिबालानं प्रॉसीला इमाक्युलेट म्हणायचं. त्याला ते कबूल नव्हतं. एकच पोर होती, ती तापानं गेली. तिच्या जागी दुसरी बसली की ती खरीच गेली. एवढ्यासाठी त्यानं दोन वर्षं कुळाला अंगणात पाय ठेवू दिला नव्हता.

आणि वीज लागायची ती तिच्या कॉम्प्युटरला.

इमाक्युलेट एक खेळ खेळायची. पडद्यावर छोटी माणसं. ती जेवतात, भांडतात, पोरं काढतात, म्हातारी होतात, मरतात. त्यात तिनं एक पैज घेतली होती. रिकाम्या जमिनीवर एक एकटी बाई सोडायची, आईबाप नसलेली, अंगावरच्या कपड्यानिशी. तिथून एकाच घरात दहा पिढ्या चालवायच्या. वारस त्याच घरात जन्मली पाहिजे. घर सोडायचं नाही, लबाडी करायची नाही, मेलेल्यांची थडगी अंगणातून हलवायची नाहीत. पहिल्या बाईचं नाव तिनं बेला ठेवलं. घर ठेवलं ह्याच घरासारखं, लाल मातीच्या भिंती, पुढं केळीची बाग. "ताता, बघा, तुमची नात," असं बापाला म्हणायची आणि हसायची. सातवी पिढी रांगायला लागली आणि इमाक्युलेट अंथरुणाला खिळली.

कालिबाला जन्मभर ट्रकवाला. वाचणं पाटीवरच्या गावांच्या नावांपुरतं. पण तिच्या शेजारी बसून त्यानं सगळं बघितलेलं होतं. पुढच्या पिढ्या त्यानं चालवल्या. खेळातली माणसं कुठलीच भाषा बोलत नाहीत, नुसती बडबडतात. तो आवाज मोठा ठेवायचा आणि मागं चुलीवर केळी शिजत ठेवायचा. घरात माणसं असल्यासारखं वाटायचं. कधी आतून बडबड आली की तो चुलीपासून ओरडायचा, "आलो, आलो!" शेजाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याकडं पाहुणे फार.

त्या दिवशी बाजारातून येऊन त्यानं वीज भरली, कॉम्प्युटर लावला, आणि दिवस कलताना नवव्या पिढीच्या केझियाला मुलगी झाली. दहावी पिढी. पैज पुरी. पडद्यावर नाव विचारलं.

त्यानं कीबोर्ड जवळ ओढला. मग एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, इमाक्युलेट.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण कुळ दारात यायच्या आधी आपणच वारस बसवून मोकळं व्हावं, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यानं पेटीतलं झाडाच्या सालीचं कापड काढलं, वारसाच्या खांद्यावर घालतात तसलं, आणि पडद्याच्या वरच्या कडेवर पांघरलं. पुढं वारसाच्या हाती देतात ती टोपली आणि सुरी ठेवली. जे शब्द कुळाच्या वडीलधाऱ्यांनी साक्षीदारांसमोर बोलायचे, ते तो एकटा बोलला. "आजपासून तिची जागा तुझी. तिचं घर तुझं. तिची माणसं तुझी."

बडबड थांबली.

पाळणा रिकामा होता. घराच्या दारात एक मोठी मुलगी उभी होती. वाढायला खेळातसुद्धा वेळ लागतो, ही वाढली कधी... त्यानं बटण दाबलं, ती हलली नाही. खेळात मेलेली माणसं फक्त अंधार पडल्यावर थडग्यांतून निघतात. तिथं तर लख्ख ऊन होतं. तरी मेलेली माणसं थडग्यांतून निघाली. एकेक करून अंगणात आली आणि बसली, लुंबेला बसतात तशी, दाराकडं तोंड करून. खोलीत ओल्या केळीच्या पानांचा वास भरला.

"बाळ..." तो कसाबसा म्हणाला.

दारातल्या मुलीनं मान वर केली. तिचं तोंड हलायला लागलं. आवाज नव्हता. ती काहीतरी पाठ म्हणत होती.

कालिबालानं वायर उपटली आणि तसाच अनवाणी बहिणीकडं पळाला.

"कुळाला बोलाव, अक्का."

नाकायेंगानं त्याच्याकडं पाहिलं. टोमणा ओठावर आलेला तिनं गिळला. "काय झालं रे?"

"करून टाक. प्रॉसीला बसव. मी इमाक्युलेट म्हणेन तिला... म्हणेन. पण लवकर कर."

कुळ जमलं. रात्रभर ढोल वाजले, केळ्याची दारू फिरली, मरण हाकललं. उजाडल्यावर प्रॉसीला कालिबालाच्या घराच्या दारात उभं केलं. खांद्यावर सालीचं कापड, हातात टोपली. मागं दाराचा फुलाफुलांचा पडदा. पोरगी मुळात हसरी. आदल्या संध्याकाळी कालिबाला काकालाच म्हणाली होती, "माझ्यावर इमाक्युलेटसारखं ओरडू नका हं, मी रडते."

वडीलधारा म्हणाला, "बोल. तू कोण?"

इथं वारसानं आपले वाडवडील सांगायचे असतात. प्रॉसीला ते लहानपणापासून तोंडपाठ. तिनं तोंड उघडलं.

"मी इमाक्युलेट, केझियाची. केझिया डोराची. डोरा मिरेम्बेची..."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ह्या बायका कुळात कुठल्या? नाकायेंगा कुजबुजली, "पोरगी बावरलीय."

ही खेळातली नावं होती. मिरेम्बे आणि तिच्या आधीच्या बायका दोनच माणसांना ठाऊक होत्या, आणि त्यातलं एक केळीच्या बागेत पुरलं होतं; केझिया आणि डोरा तर एकट्या कालिबालाला.

"...सिल्विया फ्लावियाची. फ्लाविया बेलाची."

इथं संपायला हवं होतं. बेलाला मागं कोणी नव्हतं. तोच पैजेचा नियम होता.

"बेला," प्रॉसी शांतपणे म्हणाली, "कालिबालाची."

ती पुढं आली, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. "ताता, बरे आहात ना?"

विधी असा, की आता बापानं उत्तर द्यायचं. दिलं की तो नातं मान्य करतो. सगळं कुळ बघत होतं. कालिबालाला आठवत होतं की कॉम्प्युटरवरच्या त्या मुलीपासून आपण पळालो होतो. पण दोन वर्षांत कुणी त्याला ताता म्हणालं नव्हतं.

"बरा आहे, बाळ," तो म्हणाला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, बायकांनी जिभा हलवून आनंदाची आरोळी दिली. प्रॉसी डोळे चोळत उठली आणि पाणी मागायला लागली. ती पुन्हा प्रॉसीच होती.

कालिबाला मात्र तिथंच बसून राहिला, दाराकडं बघत.

"बरा आहे, बाळ," तो परत म्हणाला. जरा थांबून, मान लववून, "बरा आहे. तू कशी आहेस?"

"अरे, कोणाशी बोलतोस?" नाकायेंगानं त्याचा खांदा धरला.

"हळू, अक्का... अजून खूप जणी यायच्यात."

तिनं दाराकडं पाहिलं. वारा नव्हता. केळीचं पान हलत नव्हतं. आणि दाराचा पडदा एका बाजूला सरला होता. मागून येणाऱ्यांसाठी कुणीतरी हातानं धरून ठेवावा तसा. तो खाली पडतच नव्हता.