परत न दिलेली कोंबडी

सुगीच्या सणाची उपासना संपून चर्चच्या अंगणात लिलाव सुरू झाला, तेव्हा सुवार्ताच्या शेजारी एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट, केसांवर घाटातल्या धुक्याचे थेंब. टेबलावर मांडलेले भोपळे, भाताच्या पेंढ्या, अंडी तो कौतुकानं बघत होता.

"इथं बोली कशी लावायची असती?" त्यानं हळूच विचारलं.

"हात वर करायचा," सुवार्ता म्हणाली. "...झालं."

झालं नव्हतं. नव्या माणसाला पद्धत समजावून सांगायचं काम तरुण संघाची सेक्रेटरी म्हणून तिचंच होतं. पण या इस्त्रीच्या शर्टाची जराशी फजिती बघावी, असं तिच्या मनात आलं. एरवी ती अशी नव्हती. उपकेंद्रात नर्स होती, गावाला तिच्या शब्दाचा भरवसा होता.

पद्धत अशी की, लोक शेतातलं पहिलं पीक, खुराड्यातली कोंबडी देवाला वाहतात आणि लिलावाचा पैसा चर्चच्या कामाला लागतो. त्यातली मानाची कोंबडी मात्र घेणाऱ्यानं घरी न्यायची नसते. "परत दिली" म्हणायचं, की पुन्हा बोली. एकच कोंबडी दुपारपर्यंत आठ-दहा वेळा विकली जाते. यंदा तर नड मोठी होती. भूकंपाच्या धक्क्यांनी चर्चच्या मागच्या भिंतीला चीर गेली होती आणि पावसाळ्याआधी ती बांधून झाली नाही, तर उपासना शाळेच्या खोलीत भरणार होती.

लिलाव पुकारत होते सुवार्ताचे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले लालासाहेब साळवे. "अकराशे एक वार... अकराशे दोन वार..." त्या तरुणाचा हात वरच होता. त्यानं सुवार्ताकडे बघितलं. ती हसली, तोही हसला. तीन वार झाले. त्यानं पैसे दिले, कोंबडी काखोटीला मारली, सगळ्यांना "जय ख्रिस्त" म्हटलं आणि मोटरसायकलला किक मारली.

"परत दील," लालासाहेब म्हणाले. "आता परत दील बगा." मोटरसायकल वळणाआड गेली तरी त्यांचं तेच चाललं होतं. पाहुण्याला अडवायचं कसं, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. तो गोंधळला की पुढं होऊन सांगू, असं सुवार्तानं ठरवलं होतं. पण तो गोंधळलाच नाही.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब, लालासाहेब आणि सुवार्ता विचारत विचारत कोयनानगरच्या एका क्वार्टरवर पोचले. त्याचं नाव जयराज. सांगलीचा, पॉवरहाऊसवर नवाच आलेला ज्युनिअर इंजिनिअर. पाळकसाहेबांनी सगळं समजावलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"आमच्या चर्चला ज्यानं घेतली त्यानं न्यायची असती हो..."

"कोंबडी कुठं हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"ती..." त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. "सुकं केलंय. थोडं उरलंय. देऊ?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सुवार्तानं ओढणीचा बोळा तोंडाशी धरला.

"आन् तुला कुनी सांगितलं न्हाई?" लालासाहेब गरजले.

सुवार्ताचं हसू जागच्या जागी थांबलं. जयराजची नजर एकदा तिच्यावर आली... आणि निघून गेली.

"मी कुणाला विचारलंच नाही," तो म्हणाला. "चूक माझी."



कोंबडीच्या पुढच्या बोल्याच न झाल्यानं भिंतीला नऊ हजार कमी पडत होते. जयराज ते द्यायला तयार होता, पण लालासाहेबांनी घेतले नाहीत. "देवाचं काम दंड भरून हुत न्हाई. राबायचं आसंल तर राब." मग तो राबला. त्याचे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. तो दर महिन्याला हळकुंडाचं पोतं मोटरसायकलवर बांधून आणायचा. महिला मंडळ दळून द्यायचं आणि रविवारी दुपारी तो आणि सुवार्ता चर्चच्या व्हरांड्यात पाकिटं भरायची. ती पाटणच्या बाजारात हातोहात खपत.

"हळद सांडली तर काय करायचं असतं?" एकदा त्यानं विचारलं. "तुमच्या पद्धती आधी विचारलेल्या बऱ्या."

"सांडणाऱ्यानं गुमान भरायची."

"आणि भरणाऱ्याकडं बघत बसलं तर?"

"तर..." तिनं मान वर केली. तो खरंच बघत बसला होता. नाकाच्या शेंड्याला हळद, डोळ्यांत हसू. "तर पाकिटं कमी भरतात," ती कशीबशी म्हणाली आणि पुढची चार पाकिटं तिनं उलटी चिकटवली.

ती त्याच्या प्रेमात पडली होती. हे तिला कळत होतं आणि त्याचबरोबर लाजही वाटत होती. तिच्या चुकीची बोलणी तो दर रविवारी खात होता आणि ती गप्प होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता मार्च उजाडला. भिंत उभी राहिली. जयराजनं पाळकसाहेबांमार्फत तिला मागणी घातली. लालासाहेबांनी एका वाक्यात उडवून लावली. "देवाच्या घरचं ज्याला राखता आलं न्हाई, त्येला पोरगी देऊ व्हय?"

जयराजनं वाद घातला नाही. सांगलीला बदली मागितली, ती मिळालीही. सोमवारी निघणार म्हणून शनिवारी तो साळव्यांच्या अंगणात निरोप घ्यायला आला.

"येतो सुभेदारसाहेब. चुकलं-माकलं माफ करा."

"पपा," सुवार्ता दारातून म्हणाली. "ह्यांचं काय चुकलं न्हाई. ह्यांनी मला इचारलं हुतं. मीच मुद्दाम अर्धं सांगितलं... मजा बघायला."

लालासाहेब वळले. "काय म्हनतीस?"

"खरं तेच."

"तुझ्यापायी मी ह्या पोराला पाच म्हैने बोललो की गं! आन् तू रं? तू का न्हाई बोल्लास?"

"यांच्यावर आलं असतं सगळं," जयराज म्हणाला. "मला गावात कोण ओळखत होतं? यांना सगळी ओळखतात."

सुवार्ताला वर बघवेना.

"मग आजच का सांगतीस?" लालासाहेबांनी विचारलं. "भिंत झाली, पैसं झालं..."

"ते सोमवारी चाललेत," ती म्हणाली. "आन् मला... मला ह्यांच्याबिगर न्हाई करमायचं, पपा."

जयराजच्या हातातलं हेल्मेट निसटून अंगणात गडगडत गेलं. कुणीच ते उचललं नाही.

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या पाळकसाहेबांना चर्चमधी लग्नासाठी तुमची नावं वाचायला सांगतो. तीन रविवार वाचत्यात. कुनाची हरकत आसंल तर त्यानं तवा बोलायचं."

"कुणाची असंल?" जयराजनं भीत भीत विचारलं.

"माझी हुती," लालासाहेब म्हणाले. "ती मी मागं घेतली." आणि डोळे पुसत ते आत गेले.