समरानं काढलेली अलाबला

हात हलका आणि तोंड फटकळ, अशी माझी, काशम्मा सिस्टरची, सोलापुरात ख्याती. घरोघरी जाऊन जखमा बांधते. भुताखेताच्या गप्पा मला सांगू नका. पण हे ऐका...

वैशाखातली दुपार. अकबरीचाचीची पट्टी बदलायची होती. नडगीवर जुन्या भाजल्याच्या जागी कॅन्सरची जखम फुटलेली. उदबत्तीलाही न दबणारा वास. आधी मॉर्फिनची गोळी द्यायची, ती लागू पडेपर्यंत थांबायचं, मग सलाईननं भिजवून पट्टी सोडवायची. डॉक्टरांनी डोस वाढवला होता, तरी पट्टी सुटताना चाची उशी चावायची.

त्या दिवशी तिची लेक समरा उठली. आईच्या तोंडावरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "अम्मी, तुझी सगळी इडापिडा, अलाबला मला लागू दे."

"अगं येडे, आईनं लेकराची काढायची असते! उलटं करतं का कुणी?" मी दटावलं आणि पट्टी उचलली.

चाची गप्प पडून होती. किंकाळी माझ्या मागून आली. समरा नडगी धरून फरशीवर कोसळली होती.

मी हात काढला, ती थांबली. परत लावला...

"मला दुखत न्हाय, सिस्टर," चाची नवलानं म्हणाली. मग लेकीकडं बघून तिचा चेहरा उतरला. "माझं मला परत दे गं..." तिनं समराची अलाबला काढली. एकही बोट वाजलं नाही.

त्यानंतर गोळी कुणाला द्यायची तेच कळेना. समराला डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली. पायावर ओरखडासुद्धा नव्हता. मी पट्टी टाळली तर जखम सडणार, केली तर पोरगी मरणार. हात जोडून रडायचे मी.

चाची गेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुटल्या दोघी.

पुरुष माणसं कब्रस्तानात चाचीला माती देऊन परतली. समरा भिंतीला टेकून बसली होती.

"दुखतंय का गं?"

"न्हाय." ती पाय चोळू लागली. "पण मुंग्या हायत, सिस्टर... लई. काढा की."

तिच्या स्वच्छ नडगीवरून मी हात फिरवत राहिले.

"हितं न्हाय..." ती हुंदके देत म्हणाली. "आता डोळ्यांवर आल्यात."