डाव्या चाकाचा बोल्ट

खंडेनवमीच्या दुपारी बंगळुरातल्या शिवाजीनगरात डॉज गाडीचं पुढचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं, ते नेमकं एका गॅरेजच्या दारात. नशीब जोरावर आहे, असं राजलक्ष्मीला वाटलं... पण क्षणभरच. आत सगळे पाने-हातोडे पाटावर मांडून, झेंडू वाहून पूजेला बसवले होते. आता उद्या दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नव्हतं.

दारात गॅरेजचा मालक उभा होता. धुवट सदरा, कपाळाला गंध, आणि डोळे नको तितके हसरे.

"आज आम्हाला सुट्टी," तो मराठीतच म्हणाला. गाडीत ठेवलेला भंडारा बघून ती मराठी आहे हे त्यानं ओळखलं असावं.

"तुम्हाला असेल. माझ्या पान्याला नाही," असं म्हणून तिनं पदर खोचला.

तिला थांबून चालणार नव्हतं. अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, कमी दिसू लागल्यापासून त्यांनी गाडी विकायचं मनात घेतलं होतं. "चालवतेस छान, पण रस्त्यात अडलीस तर बघणार कोण?" हा त्यांचा एकच प्रश्न. आज ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. बनशंकरीला गाडीची पूजा, येताना शिवाजीनगरच्या मावशीला प्रसाद, आणि दिवेलागणीच्या आत मल्लेश्वरमला घरी, अशी अट होती. जमलं नाही तर उद्याच्या मुहूर्तावर गिऱ्हाईक तयारच होतं. ही गाडी म्हणजे तिचे पाय होते, आणि ते तिला गमवायचे नव्हते.

तिनं पाना लावून जोर केला. बोल्ट हलेना.

"स्वल्प, थोडं सरका. तुमचा पाना पूजेतला नाही, तो चालेल," म्हणत तो पुढे झाला. बाह्या सारल्या, दात आवळले आणि अंगचा सगळा जोर लावला. कर्रर्र... पाना निसटला. बोल्टाचे कोपरे झिजून डोकं गोल गुळगुळीत झालं.

"हे मलाही जमलं असतं," राजलक्ष्मी म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "आमच्याकडे विलायती गाड्या येतात. ही अमेरिकन पहिलीच."

घरातून त्याची आई, जमनाबाई, बाहेर आल्या. "रघुजी, पाटाला हात लावशील तर बघ." आणि राजलक्ष्मीच्या हातात ताकाचा पेला देऊन आत गेल्या.

बारीक पाऊस भुरभुरू लागला. रघुजीनं छत्री आणून तिच्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत राहिला. ती दुसऱ्या बोल्टाकडे टक लावून बघत होती. देवळात चाकाला लावलेलं कुंकू ओघळलं होतं, पण बोल्टाच्या डोक्यावर कोरलेल्या एका खाचेत ते तसंच बसलं होतं. तांबडं, ठसठशीत अक्षर – इंग्रजी एल.

"डावं चाक... म्हणून डावे आटे," ती हळूच म्हणाली. "आपण सोडवत नव्हतो, आवळत होतो."

मग तिनं पाना उलट्या बाजूला फिरवला. एकेक करून चार बोल्ट सैल झाले. राहिला तो गोल झालेला.

"याला छिन्नी लागेल," रघुजी म्हणाला. पाटाकडे बघून त्यानं निःश्वास सोडला, आणि एकदम थबकला. दार हलू नये म्हणून फळीखाली एक जुनी छिन्नी सारलेली होती. तिची पूजा करायचं कुणाला आठवलंच नव्हतं. हातोडा नव्हता, म्हणून जमनाबाईंनी आतून लोखंडी बत्ता आणून दिला.

त्यानं बोल्टावर रॉकेल सोडलं, कडेला छिन्नी तिरपी टेकवली. "धरता?"

"मारा. फक्त उजवीकडे."

"बोटाला लागलं तर?"

"लागू देणार नाही तुम्ही."

त्यानं बत्ता उचलला, आणि घाव नेमका बसला. दुसरा, तिसरा... आणि बोल्ट कुरकुरत फिरला. चाक बदललं. चार बोल्टांवर हळू चालवत घरी जा, असं त्यानं बजावलं. तिच्या घरचा पत्ता विचारून घेतला, आणि पाचवा बोल्ट खिशात टाकला.

"माझा बोल्ट?"

"उद्या दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला येईन, तेव्हा नवा आणतो. हा माझ्याकडेच राहू दे. एवढं मला आजवर कशानं अडवलं नव्हतं." तो थांबला. "म्हणजे... बोल्टानं नाही."

राजलक्ष्मीनं इंजिन सुरू केलं. गाल तापले होते, तरी नजर तिनं वळवली नाही. "सरी, ठीक आहे. वाट बघते."

दिवेलागणीच्या आत ती घरी पोचली, तरी अण्णांनी गिऱ्हाईकाला अजून नकार कळवला नव्हता. दसऱ्याच्या सकाळी रघुजी आला. अण्णांच्या पाया पडला, बन्नीची पानं दिली, नवा बोल्ट आवळला, उजवा-डावा विचार करून. मग तिच्या ओंजळीत पानं ठेवताना पुटपुटला, "आवळून ठेवलाय. तरी महिन्याला एकदा बघून जावं लागेल."

"महिन्याला?" ती म्हणाली. "एवढ्यानं माझं भागायचं नाही."

रघुजीला हसू आवरेना. ओसरीवरून अण्णांनी विचारलं, "राजे, गिऱ्हाईक येऊन बसलंय. काय सांगू त्याला?"

राजलक्ष्मीनं पानं मुठीत घट्ट धरली.

"परत पाठवा, अण्णा. अडले तर बघणारा मिळालाय."