बेचाळिसाव्या दगडापाशी

ए भाच्या, मोबाइलवरचा तो रेडिओ आधी बंद कर. आणि दात काढायचे नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या कानसेनची आहे.

एफएम स्टेशनात मी निवेदक होतो, तो तपासनीस. गळा भसाडा, पण ऐकण्यात पट्टीचा, म्हणून कानसेन. गाडी घेऊन हमरस्त्यानं जायचं, दर दोन किलोमीटरला थांबायचं, इंजिन बंद करून मिनिटभर रेडिओ ऐकायचा. कोणकोणती स्टेशनं लागतात, कुठे गाणी, कुठे बातम्या, सगळं तक्त्यात लिहायचं. आणि आमच्या आवाजाला गुण द्यायचे, शून्य ते पाच. तीनच्या खाली गेले की तिथं छोटा टॉवर बसायचा.

बेचाळिसाव्या दगडापाशी रस्ता एकदम खाली उतरतो. तिथं नदीवर पूल आहे. पठ्ठ्यानं गाडीच थांबवली नाही! पोटात कावळे ओरडत होते म्हणे. पुढच्या ढाब्यावर जेवता जेवता ठोकून दिलं: पाच.

टॉवर काही बसला नाही. त्याच वर्षी, एकोणीस सप्टेंबरला, रात्री आठ चाळीसला तो पूल वाहून गेला. सूचना मीच वाचली. तीनदा वाचली रे! दूधवाल्याचा टेम्पो त्याच उतारावर होता. सरळ पाण्यात गेला. बाहेर काढला तेव्हा रेडिओचा काटा आमच्याच स्टेशनावर होता. बिचाऱ्यानं शेवटपर्यंत नुसती खरखर ऐकली असणार. घरी बायको आणि दोन लहान लेकी.

वर्षभरात नवा पूल झाला. कानसेन पुन्हा तपासणीला निघाला. एकोणीस सप्टेंबर, गुरुवार, रात्रीचे आठ चाळीस. या वेळी मात्र तो थांबला. इंजिन बंद केलं. रेडिओवर खरखर. आता शून्य लिहावं, तर जुनी लबाडी उघडी पडणार आणि नोकरी जाणार. त्यानं पेन उचललं… आणि पुन्हा पाच लिहिलं.

खरखर थांबली.

लख्ख आवाज आला. "सूचना ऐका. पूल वाहून गेला आहे."

शब्द माझेच. आवाज माझा नव्हता.

त्यानं बटण फिरवलं. रेडिओचा दिवा विझला. आवाज चालूच…

"ऐकू येतंय ना, साहेब?"

त्यानं दाराचा खटका ओढला. दार उघडेना.

"ऐकू येतंय?"

"ह… हो."

"मला नव्हतं आलं."

आता आवाज मागच्या सीटवरून. नासलेल्या दुधाचा वास. मग अगदी कानाशी…

"आता तुलाही नको."

तेव्हापासून दोन्ही कान ठार बहिरे. डॉक्टर म्हणतात, कानात काही दोष नाही! हे सगळं त्यानं मला हॉस्पिटलात बोंबलून सांगितलं. स्वतःचं बोंबलणंही त्याला ऐकू येत नव्हतं. कीव आली का? खोटं कशाला बोलू, नाही आली. करावं तसं भरावं.

त्याचा तक्ता माझ्याकडे आहे. हा बघ. बेचाळीससमोरचा पाच खोडलाय, शेजारी शून्य. अक्षर कानसेनचं नाही. बारा वर्षं झाली या गोष्टीला.

काय भाचेबुवा, मघाशी फार हसू येत होतं ना? लाव बोट त्या शून्याला…

ओली लागली ना शाई?